भरिताची उघड चौकशी

आता चूक सांगायचीच, तर छापून आलेली सांगतो. लपवायला जागाच नाही!

धुळ्यात तीस वर्षं बातमीदारी केली. खड्डे, खतं, मंत्री, कुणाला सोडलं नाही. मग भरिताला का सोडू?

हिवाळ्यात दोंडाईच्याजवळ एका शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी आणि भरीत करायला नाना आचारी, ज्याच्या भरितासाठी लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतात. मी घास घेतला. ना मीठ, ना तिखट! नुसता ओला कापूस! दुसऱ्या दिवशी ठोकली बातमी : 'नामांकित आचाऱ्याचं भरीत बेचव, मिरचीत भेसळीचा संशय.'

नानाची दोन लग्नांची कामं गेली. तो तडक ऑफिसात.

"भाऊ, मन्हं नाव मातीमा गयं! गावसमोर खाई दखाडा!"

मी मागे हटतो का? "येतो! होऊनच जाऊ द्या उघड चौकशी!"

बठ्ठं, म्हणजे अख्खं, गाव जमलं. नानानं मूठभर हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या.

"कसं शे?"

"फिक्कं!"

आणखी मूठ. "आते?"

"फिक्कं!"

तिसऱ्या मुठीला सरपंच उपरण्यात तोंड खुपसून रडत होते, पोलीस पाटलांनी डोकं हौदात घातलं होतं आणि शेतातलं कुत्रं नुसत्या वासानं नरडाण्याच्या दिशेनं सुटलं होतं. मी मात्र ताट पुसून गरजलो, "भेसळ सिद्ध झाली!"

पंगतीतले डॉक्टर डोळे चोळत म्हणाले, "साहेब, बोटाला पट्टी कसली?"

"दिवाळीत कापलं. भरतच नाही."

"केस?"

"गळताहेत. माझे केस, माझा प्रश्न!"

"जेवण?"

"चहा-टोस्ट. भूकच नसते."

डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं. झिंक तळाला! म्हणाले, "त्यानं जखम रेंगाळते, केस जातात, भूक मरते. आणि जिभेची चवसुद्धा जाते."

मी उसळलो, "पुरावा काय?"

त्यांनी ड्रॉवरमधून कात्रण काढलं. 'सातपुड्याच्या पायथ्याची मुलं झिंकअभावी खुरटताहेत.' खाली चौकट, 'लक्षणं वेळीच ओळखा.' लेखमाला कुणाची? माझीच!

गोळ्या, डाळी, तीळ, शेंगदाणे... काही आठवड्यांनी नानानं पुन्हा गाव जमवलं. भरीत तेच, मिरच्या नेहमीच्या. पहिल्याच घासाला मी ताडकन उभा राहिलो. "पाणी! पाणी!"

नानानं तांब्या पाठीमागे धरला. "पह्यले लिखा भाऊ. मंग पानी!"

तिथंच मांडीवर कागद घेऊन दुरुस्ती लिहिली. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सरपंच हळहळले, "पहा, भाऊले कितला पस्तावा व्हयना!"

आणि आयुष्यभर खरं छापायचा हट्ट धरूनही मी तेवढा एक खुलासा केला नाही.