भरतन मास्तरांची बोटं

भरतन मास्तरांनी प्रयोगशाळेत दिव्यावरची तापलेली तिवई उघड्या हातानं उचलली तेव्हा आधी वास आला, कातडी भाजल्याचा. मग शहनास ओरडली, "मास्तर, हात!" मास्तरांनी हाताकडे पाहिलं, तिवई खाली ठेवली आणि नळ सोडला. चेहरा होता तसाच.

"जादू शिकलात काय, मास्तर?" मागून निवेद म्हणाला.

"निष्काळजीपणा शिकलो. तू शिकू नको."

दहावीच्या वर्गाला हे पटलं नाही. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच, आधी हाताची मागची बाजू जवळ न्यायची आणि मगच बोट लावायचं, हा नियम मास्तरांचाच. पेरावूर गावच्या त्या शाळेतून शिकून गेलेल्या बायका घरी कांजीचं भांडं उतरवतानाही तो पाळतात.

मास्तरांच्या बोटांतली जाणीव गेली होती. त्याआधी पायांतली गेली. एकदा बसमधून उतरून ते एकाच चपलेवर वर्गात आले. "दुसरी कुठाय, मास्तर?" असं पोरांनी विचारेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. "मागच्या बसनं येतेय," मास्तर म्हणाले, आणि वर्ग खूप हसला. बायको वनजा हसली नाही. तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. साखरेनं नसा मारल्यात, डॉक्टर म्हणाले, आता हातापायांचं काम डोळ्यांना सांगा. मास्तरांना साखरेचा आजार आहे हे शाळेत ठाऊक होतं, समोरचा चहावाला त्यांना पाहताच "एक विदाऊट!" अशी बिनसाखरेच्या चहाची आरोळी देई. बोटांचं मात्र त्यांनी तिथं कुणाला सांगितलं नाही.

कारण मुख्याध्यापिका त्रेस्याम्मा टीचर. बाई वाईट नव्हत्या. पण दुसऱ्या एका शाळेत एका मुलाच्या डोळ्यात ॲसिड उडालं होतं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेचं दार दिसलं की त्या आधी कुलूप ओढून बघत.

"पडद्यावर दाखवा ना प्रयोग," त्या म्हणत. "पडद्यावर कुणी भाजत नाही."

"पडद्यावर प्रयोग फसतही नाही, टीचर. मग शिकायचं काय?"

"एक अपघात होऊ दे, भरतन मास्तर. कुणालाही. तुम्हाला झाला तरी त्या दिवसापासून चावी माझ्याकडे."

ती चावी मास्तरांच्या खिशात नोकरीभर होती. त्या खोलीबाहेर त्यांना विशेष काही येत नव्हतं. सायकल येत होती, ती पायांमुळे सुटली.

ओणमच्या सुटीनंतर स्पर्शाचा धडा आला. खोडरबरात दात कोरायच्या दोन काड्या खोचायच्या. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं काड्या टेकवून विचारायचं, एक की दोन? काड्या जितक्या जवळ असताना दोन कळतात, तितकी कातडी तल्लख. मधेच एकदा काड्या न टेकवताच विचारायचं, म्हणजे अंदाजानं ठोकणारा सापडतो. त्या अंतराचा आकडा फळ्यावर लिहायचा, आणि लिहिलेला पुसायचा नाही. "आवडले तेवढेच आकडे ठेवायचे असतील तर राजकारणात जा," मास्तर सांगत.

शेवटची पाळी दर वर्षी मास्तरांची. त्यांची बोटं आख्ख्या वर्गाला हरवायची आणि मग ते दिवसभर मिरवायचे.

"मास्तर, या आता! यंदा आम्ही हरवणार."

तास संपत आलाय, असं म्हणता आलं असतं. मास्तर स्टुलावर बसले, उजवा हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. का, ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही.

शहनासनं काड्या टेकवल्या. "एक की दोन?"

"एक."

तिनं अंतर वाढवलं. "आता?"

"एक."

"मस्करी नको ना, मास्तर."

"मस्करी नाही. चालू दे."

काड्या पेराच्या दोन टोकांना पोचल्या तरी मास्तर एकच म्हणाले. मग शहनासनं हात उचलला, काड्या हवेतच धरल्या आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "एक की दोन?"

"एक," मास्तर म्हणाले.

असा कुणी सापडला की वर्ग हुर्यो करतो. आज कुणी केली नाही. मास्तरांनी डोळे उघडले आणि हवेतल्या काड्या पाहिल्या.

"तुमचं नको लिहूया," शहनास हळूच म्हणाली. "सरासरी बिघडेल."

"बिघडू दे. लिही."

"काय लिहू?"

"जे आलं ते."

तिनं लिहिलं: भरतन मास्तर, स्पर्श कळत नाही.

"म्हणजे त्या तिवईच्या वेळी..." निवेद म्हणाला. "दुखलंच नव्हतं?"

"नाही."

"कधीपासून असं?"

"चांगला प्रश्न आहे. मोजून ठेवलं नाही."

घंटा झाली. मुलं गेली. थोड्या वेळानं फेरीवर निघालेल्या त्रेस्याम्मा टीचर आत आल्या. त्यांनी फळा वाचला, मग मास्तरांच्या तळहातावरचा डाग पाहिला.

"मला का नाही सांगितलंत?"

"चावी गेली असती."

"पोरांच्या हातात पेटता दिवा देऊन तुम्ही शेजारी उभे राहता. आणि काच गरम की गार, ते तुम्हालाच कळत नाही. बरोबर की चूक?"

"बरोबर," मास्तर म्हणाले.

त्यांनी खिशात हात घातला. आतलं काय नाणं आणि काय चावी ते बोटांना कळेना, म्हणून त्यांनी खिसा टेबलावर रिकामा केला आणि बघून चावी उचलली. टीचरनी हात पुढे केला. मास्तरांनी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

टीचर तशाच उभ्या राहिल्या. "सोडा ना, मास्तर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खाली पाहिलं. चावी अजून त्यांच्याच चिमटीत होती.