तात्या महाराज नव्हते

अंगात येणं, अंगारे-धुपारे, साक्षात्कार – यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुमच्या सदराचे वाचक मला आपल्यातली समजतील. तसं समजू नये.

गेल्या अंकात एका गृहस्थांनी सोलापूरच्या एका ‘महाराजां’चा अनुभव लिहिला आहे. शुक्रवार पेठेत म्हणे एक दिगंबर सिद्धपुरुष होते, आणि त्यांच्या अंगाऱ्यानं मंद्रूपची एक मरणाला टेकलेली मुलगी उठून बसली. हे गृहस्थ त्या दिवशी तिथं नव्हते. मी होते. ते महाराज म्हणजे माझे आजोबा.

आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. सगळा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवण्यात घालवला. आमच्या भागात कुणी ना कुणी बुवा सतत असतोच. तात्या त्यांच्या वाटेलाही जात नसत. शेजारच्या काकू कुणाचा तरी प्रसाद घेऊन आल्या, तर “साखर चांगली आहे,” एवढंच म्हणून खाऊन टाकायचे.

पेन्शनीत गेल्यावर काही वर्षांनी त्यांचं बिनसायला लागलं. भाजी आणायला म्हणून गेले की तळ्याच्या काठी उभे राहायचे… टांगेवाले ओळखीचे, ते घरी आणून सोडायचे. मग माझ्या आईला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. जेवून उठले की अर्ध्या घटकेत विचारायचे, “आज मला जेवायला देणार नाही का?” मला तर साफ विसरले. वडील गेल्यावर ज्यांनी मला मांडीवर बसवून अंक शिकवले, ते मला ‘अहो बाई’ म्हणायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – म्हातारपणी काही लोकांचा मेंदू असा झिजत जातो, औषध नाही, जपा.

आम्ही जपत होतो. मी आणि आई. घर काकांचं होतं, काका कचेरीत क्लार्क. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून माझा शब्द निदान कानावर तरी घेतला जायचा. मानला जात नव्हता.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, तात्यांनी ओट्यावर धोतर सोडून टाकलं. उकडत होतं, दुसरं काही नाही. मी धावत बाहेर आले तोवर रस्त्यानं जाणारे एक कापडाचे व्यापारी थांबले होते. ते पाया पडायला वाकले तर तात्यांनी त्यांच्या पाठीत काठी घातली आणि एक शिवी हासडली. त्याच आठवड्यात त्या व्यापाऱ्यांचा कोर्टातला दावा त्यांच्या बाजूनं लागला. ते पेढे घेऊन आले, चार लोक घेऊन आले. झालं.

पुढच्या गुरुवारी काकांनी ओट्यालगतच्या खोलीत चौरंग मांडला. कुठून तरी मृगाजिन आणलं. तात्या काहीही बोलले की काका डोळे मिटून त्याचा अर्थ सांगायचे. तात्या म्हणायचे, “माझी टोपी कुठं आहे?” काका म्हणायचे, “बाबा विचारतात, तुझा मान कुठं गेला?” आणि समोरचा माणूस रडायला लागायचा. कचेरीत ज्यांच्यापुढं काका उभे राहायचे, ते साहेब आता आमच्या ओट्यावर जोडे काढून खाली बसायचे. काकांना हवं होतं ते हेच.

तात्या उठून चालायला लागत, म्हणून काकांनी उपरण्यानं त्यांचा पाय चौरंगाला बांधायला सुरुवात केली. वरून शाल पांघरायची, म्हणजे दिसत नाही. गाठ मी सोडायची, काकांनी पुन्हा बांधायची. घोट्याभोवती कातडं सोललं होतं. एकदा तात्यांना बसल्या जागी लघवी झाली, तर एका बाईनं ओल्या मृगाजिनाला बोट लावून ते डोळ्यांना लावलं. हे तुमच्या लेखकांनी लिहिलं नाही. लिहावं त्यांनी.

मंद्रूपची बाई आली ती रविवारी, ऐन उन्हाची. काका आत जेवत होते. मी तात्यांना दहीभात भरवत होते. बाईच्या खांद्यावर तीनेक वर्षांची पोर होती, मान टाकलेली, ओठ वाळलेले, तोंडातून लाळ गळणारी.

“बाई, पोर काय बी खाईना झालंय,” ती म्हणाली. “पानी बी गिळंना. कालधरनं आवाज बी न्हाय.”

“दवाखान्यात नेलं का?”

“सासू म्हनली, बाबाच्या पायावर घाल. पोरीच्या जातीला कुटं दवाखाना.”

मी उठणार एवढ्यात काका हात धुऊन बाहेर आले. त्यांनी मुलीकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. चिमूटभर अंगारा तिच्या जिभेवर टाकला. पोर गुदमरली, डोळे पांढरे केले, अंगारा लाळेबरोबर बाहेर आला.

“बाबांची आज्ञा आहे,” काका म्हणाले. “गुरुवार धर. सगळं ठीक होईल.”

तात्या तर भाताकडं बघत होते.

“काका, तिला दवाखान्यात न्यायला हवं,” मी म्हटलं.

“तू आत जा.”

माझं डोकं भणभणलं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी खाली वाकले आणि तात्यांच्या पायाची गाठ सोडायला लागले. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. वर्षभरात ज्या हातात धड घास राहत नव्हता, त्या हातानं… घट्ट.

“अहो बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना?” ते हळूच म्हणाले. आवाज वर्गातला होता. खणखणीत नाही, पण प्रत्येक अक्षर सुटं.

“हो.”

“मग नीट ऐका. त्या मुलीच्या घशात फुली आहे, नाकात घालायची. लाल खड्याची. मळसूत्राची नाही, मागं तार वळवलेली आहे. ओढली तर घसा फाटेल. फिरवून काढायला सांगा.”

मी मान वर करून पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर होती, पण मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी मनगट सोडलं आणि भाताच्या ताटाकडं बोट केलं.

काका पलीकडं बाईला नारळ कुठं ठेवायचा ते सांगत होते. त्यांनी काहीही ऐकलं नाही. कुणीच ऐकलं नाही.

मी सरळ जाऊन त्या बाईच्या खांद्यावरून पोर उचलली.

“चला माझ्याबरोबर.”

“सुमती, बाबांच्या दारातून आजारी पोर दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील?” काका दारात आडवे आले.

“आणि दारात मेली तर काय म्हणतील?” मी विचारलं. “बाजूला व्हा, नाहीतर शाल काढून तात्यांचा पाय सगळ्यांना दाखवते.”

ते बाजूला झाले.

टांग्यात मी बाईकडं पाहिलं. तिच्या नाकपुडीच्या भोकात काडी घातलेली होती.

“तुमची फुली कुठं गेली?”

तिनं एकदम पदर तोंडाला लावला. “हरवली. सासूनं लई मारलं. म्हनली, म्हायेरी दिलीस.”

“कसला खडा होता?”

“लाल.” मग जरा थांबून, “मळसूत्र मोडलं हुतं. म्या गुपचूप तार वळवून घातली हुती. तुमास्नी कुनी सांगितलं?”

मी टांगेवाल्याला घोडा पळवायला सांगितलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या उन्हात कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी घटसर्प असेल असं म्हटलं. मी म्हणाले, घशात फुली आहे, मागं वळवलेली तार आहे, ओढू नका. त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं, पण आरसा लावून बराच वेळ आत बघत राहिले. मग लांब चिमटा मागवला. मी पोरीचे हात धरले, तिच्या आईनं पाय धरले. त्यांनी चिमटा फिरवला… थांबले… पुन्हा फिरवला. फुली बाहेर आली तेव्हा तारेचं टोक माशाच्या गळासारखं वाकलेलं होतं. पोरीनं जे भोकाड पसरलं, ते ऐकून तिच्या आईनं तिला ओढून छातीशी धरलं.

“ओढली असती तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला कसं कळलं?”

“तिच्या आईनं सांगितलं,” मी म्हणाले. बाईनं माझ्याकडं पाहिलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. चौरंगाचं देऊळ झालं असतं, आणि तात्या मरेपर्यंत त्या गाठीतून सुटले नसते.

घरी परतले तर काका लोकांना सांगतच होते – अंगारा जिभेवर पडताच पोरीनं डोळे उघडले. मी गर्दीतून वाट काढून तात्यांपाशी गेले.

“तात्या, फुली निघाली.”

“कुणाची?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “आज मला जेवायला देणार नाही का?”

थंडीच्या आधीच तात्या गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ती बाई मुलीला घेऊन आली. भिंतीवर फोटो होता, त्याला काकांनी हार घातलेला. “बाबाच्या पाया पड गं,” ती मुलीला म्हणाली.

“ते बाबा नव्हते,” मी म्हणाले. “मास्तर होते.”

“मग मास्तरांच्या पड,” ती म्हणाली.

मी खूप विचार केला आहे. नाकातली काडी तात्यांना दिसली असेल. मुलं काय काय तोंडात घालतात हे मास्तरांना ठाऊक असतंच. तिथपर्यंत मी येते. पण खडा लाल, मळसूत्र मोडलेलं, तार वळवलेली – हे त्या बाईखेरीज तिथं कुणालाही माहीत नव्हतं, आणि ती त्याबद्दल आमच्या घरात अवाक्षर बोलली नव्हती. तात्यांना तर त्या दिवशी वार सांगता आला नसता. आणि एवढं दिसत होतं, तर स्वतःसाठी त्यांना एक शब्दही का मागता आला नाही, या प्रश्नानं मला आजही झोप लागत नाही. कुणी ‘लीला’ म्हणालं तर मी त्याला दारात उभं करणार नाही.

तात्या मला घरी गणितं घालायचे तेव्हा एक सांगायचे – उत्तर येत नसेल तर पाटी कोरी दाखव, मी रागावणार नाही. खोटं लिहिलंस तर रागावेन. काकांनी आणि तुमच्या लेखकांनी पाटी भरून टाकली आहे. मी हे लिहिलं ते फक्त ती पुसायला. माझ्याकडं उत्तर नाही.