तेल दिलेल्या गाड्या

"तेल घातलंत? बाबा, रबराच्या टायरांना तेल?"

"टायरांना कशाला? आसाला घातलं. फिरतं चाक तेल मागतंच, ते मला नको शिकवू."

"मग हे काय?" अस्मितानं कपाटातली रुपेरी रोल्स-रॉईस उचलली. १९०७ सालच्या गाडीची हुबेहूब, वीतभर प्रतिकृती. गाडी तिच्या हातात आली. ओघळलेल्या तेलानं विरघळलेले टायर मात्र काळ्या चिकासारखे फळीलाच चिकटून राहिले.

रामभाऊ बघतच राहिले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. शनिवारी मशीनला तेल पाजल्याशिवाय घर नाही. एकदा विसरले, तर स्टेशनापासून सायकल माघारी वळवली होती. दोन वर्षांपूर्वी काविळीनं राजरत्न, त्यांचा एकुलता एक मुलगा, गेला. मागं राहिली त्याची बायको अस्मिता आणि त्यानं पगारातून जमवलेल्या या एकतीस जुन्या शाही मोटारी. तिला कपाट उघडवत नव्हतं. रामभाऊ मात्र दर शनिवारी उघडायचे. पोराची मांडणी मोडू नये म्हणून गाडी जागची न हलवता, लांब नळीच्या तेलदाणीनं चाकाचाकाला थेंब द्यायचे. पोराशी बोलायला कधी जमलं नाही. एवढं हातांना येत होतं.

आज अस्मिता बदलापूरला, बहिणीकडं कायमची निघाली होती. गाड्या नेणार होती.

"एकतीसच्या एकतीस खलास," ती म्हणाली.

"मी नवे टायर करून देतो. पण एक तरी ठेव गं माझ्यापाशी. ही बिनटायरची ठेव."

"आणि परत तेल पाजा."

"नाही पाजणार. नुसती बघेन."

"आता बघणार?" तिचा आवाज चिरकला. "तो जेवणं झाल्यावर एकेक गाडी तुमच्यासमोर धरायचा. म्हणायचा, 'बाबा, दिवे बघा, खरे पितळी आहेत.' तुम्ही पेपरातून डोकं काढलं नाहीत. वर काय, तर घोड्याएवढा झालास, भातुकली आवर! आत येऊन हसायचा माझ्यापाशी. म्हणायचा, बाबांना मशीन मोठं लागतं."

"असं म्हणायचा?"

"हो. आता मला एवढंच सांगा. तो असताना एकदा, एकदा तरी, यातली एखादी हातात घेतलीत का?"

 रामभाऊंनी खुंटीवरचा सदरा अंगात घातला, बटणं उलटसुलट लावली आणि चपला न घालताच जिना उतरून गेले.