तांबेंच्या शेतासमोरचा अंडरपास

"मॅडम, हा बोगदा मी मागितला नव्हता. एवढं लिहून द्या. बाकी काय नको."

रिसेप्शनच्या सोफ्यावर अगदी कडेला बसलेल्या माणसाने मला हे सांगितलं. अंगावर वॉर्डबॉयचा युनिफॉर्म होता, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. नाव महादेव तांबे. नोकरी आमच्या ऑफिसजवळच, परळच्या एका हॉस्पिटलात, राहायला काळाचौकी. सकाळची ड्युटी संपवून ते चालत आमच्या ऑफिसला आले होते. त्यांना काय हवंय ते रिसेप्शनिस्टला कळेना, म्हणून तिने मला बोलावलं. आमच्या मजल्यावर मराठीचं काही आलं की ते माझ्याकडे येतं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि अनोळखी माणसांशी बोलायला मला जड जातं, हे तिथे कोणी विचारात घेत नाही.

आमची कंपनी सरकारसाठी रस्त्यांचं डिझाइन करते. तांबेंनी पिशवीतून एक फोटो काढला. भातशेतीच्या मधोमध महामार्गाचा उंच भराव, आणि त्याखाली काँक्रीटची नवी कोरी चौकोनी वाट. आमच्या भाषेत अंडरपास. आसपास एकही घर नाही.

"समोर दिसतं ते माझं शेत," तांबे म्हणाले. "गाव मागे राहिलं सव्वा किलोमीटर. शाळा गावासमोर, रस्त्याच्या पलीकडे. बोगदा शाळेसाठी मागितला होता आमच्या गावाच्या मंडळाने. झाला माझ्या शेतासमोर. आता सगळे बोलतात, तांब्याने साहेबांना धरून वळवून घेतला."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"दोन वर्षं सांगतोय. गेल्या शिमग्याला पालखी माझ्या दारावरून गेली, आत आली नाय. आई ओटी घेऊन दारात उभी होती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वर्षातून एकदा देवी आपल्या घरी येते. त्यासाठी मुंबईतली माणसं रजा काढून गावी जातात. पालखी ज्या घरी थांबत नाही, त्या घराबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही.

पुढचा शिमगा तीन आठवड्यांवर होता. मी त्यांना म्हटलं, फाइल बघून सांगते.

इथे रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासून निघतो. पेण, माणगाव, महाड, मग कशेडी घाट, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, सावंतवाडी करत पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरतो. याचा नंबर आधी सतरा होता, आता सहासष्ट आहे. काम सुरू झाल्याला किती वर्षं झाली ते कोकणातल्या कुणालाही विचारावं. पूर्वी कोकणी माणूस बोटीने मुंबईला यायचा. खाड्यांवर एकेक पूल होत गेला तसा रस्ता जुळत गेला, आणि बोटी बंद पडल्या. म्हणजे हा एका वेळी आखलेला रस्ता नाही. गावागावांतून, देवळांना वळसे घालत, नदीला अरुंद जागा मिळेल तिथे ओलांडत तो तयार झाला.

चौपदरीकरणात ही वळणं सरळ केली. गावांना बायपास दिले. त्यामुळे रस्त्याची लांबी कमी झाली.

आता आमचा शब्द, चेनेज. रस्त्याच्या सुरुवातीपासून एखादी जागा किती अंतरावर आहे, तो आकडा म्हणजे चेनेज. पूल, रस्त्याखालची मोरी, अंडरपास, सगळ्याचा पत्ता हाच. पण चेनेज दोन असतात. जुन्या रस्त्याचं वेगळं, नव्या डिझाइनचं वेगळं. जुन्या रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड जुनं अंतर सांगतात. नवा रस्ता आखूड झाल्यामुळे त्याच जागेचं नवं चेनेज कमी भरतं. दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो.

मी सर्व्हरवर जुनं फोल्डर उघडलं. त्यात गावाच्या मुंबई मंडळाचा अर्ज स्कॅन करून ठेवलेला होता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'शाळेसमोर, किलोमीटरच्या दगडापाशी', आणि दगडाचा आकडा. त्याच्या शेजारी आमचा तक्ता होता. गावांच्या मागण्या इंग्रजीत भरायच्या, पुढच्या रकान्यात डिझाइन चेनेज. त्या रकान्यात दगडाचाच आकडा जसाच्या तसा होता. सव्वा किलोमीटर वजा करायचं राहून गेलं होतं.

तक्त्याच्या खाली 'तयार करणार' या चौकटीत माझी इनिशियल्स होती.

नोकरीतला तो माझा दुसरा महिना. मराठी अर्ज वाचता येतात म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. एका दिवसात साठेक अर्ज भरल्याचं आठवतं. चुकीच्या जागी नेमकी एक जुनी पायवाट नकाशात दिसत होती, तांबेंच्या शेतात जाणारी. अंडरपास त्या वाटेसाठीच असेल असं वाटून तपासणाऱ्याला शंका आली नाही, साइटवरच्या इंजिनियरलाही नाही. नकाशे तालुक्याच्या कचेरीत महिनाभर लावले होते. ते इंग्रजीत होते आणि त्यावर फक्त आकडे होते.

मी मेनन सरांकडे गेले. ते आमचे टीम लीडर. शांत माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि दार लावून घेतलं.

"किसको बताया?"

"कोणालाच नाही, सर."

"गुड. मेल मत करना."

"सर, त्या माणसाला फक्त एक पत्र हवंय. जागा त्याने बदलली नाही, एवढंच."

"फिर किसने बदली? लेटर में वो भी लिखना पडेगा ना. क्लायंट शो-कॉज नोटीस देगा, नया अंडरपास हमारे सिर पे. और पहला नाम किसका आएगा?"

मी तक्त्यावरच्या माझ्या इनिशियल्सकडे पाहिलं.

"देखो, भराव उठ चुका है, ट्रॅफिक चालू है. जो बन गया वो बन गया. तू मराठी में एक सिंपल रिप्लाय बना दे. ॲज पर अप्रूव्ह्ड ड्रॉइंग. बस."

मी लिहिलं. 'सदर अंडरपास मंजूर आराखड्यानुसार बांधण्यात आलेला आहे. त्याची जागा निश्चित करताना कोणत्याही व्यक्तीची मागणी विचारात घेतलेली नाही.' दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. सरांनी भाषांतर करून घेतलं आणि ते खोडलं. व्यक्तीची नाही तर कोणाची, असं कोणी विचारलं तर? पहिलं वाक्य राहिलं. त्यावर शिक्का बसला.

तांबेंनी पत्र तिथेच रिसेप्शनवर दोनदा वाचलं.

"यात माझं नाव नाय."

"नाव नाही घालता येत."

"बरं," ते म्हणाले, आणि कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मंडळाच्या अध्यक्षांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं. 'मंजूर' या शब्दावर ते थांबले, आणि म्हणाले, बघा, रीतसर मंजूर करून घेतलाय तांब्याने. वरून शिक्का पण आणलाय. त्या संध्याकाळी तांबेंना मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं.

"मॅडम, तुम्ही रविवारी येऊन तोंडी सांगाल काय?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. कागदावर लिहायची हिंमत नव्हती, आणि तोंडी सांगितलेलं ऑफिसपर्यंत पोचणार नाही असा हिशेब मनात होता, हे खरं.

काळाचौकीच्या एका चाळीत त्या गावाची खोली आहे. गावाहून पोटासाठी आलेली एकटी माणसं पूर्वी तिथे पथारी टाकायची. आता रविवारी सभा होते. मी गेले तेव्हा पंधरा-वीस जण चटयांवर बसले होते. पालखीचा कार्यक्रम ठरत होता. तांबे आत आले नाहीत. बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहिले.

अध्यक्ष शांताराम मांडवकर, वय सत्तरच्या पुढे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाय, तुझं गाव कुठचं?"

"गुहागरकडे. पण मी कधी राहिले नाही. आम्ही गिरगावात."

"मग आपलीच की. बोल."

मी सांगितलं. जुना दगड, नवं चेनेज, सव्वा किलोमीटर. एका चहाच्या बिलामागे दोन रेघा काढून दाखवल्या, एक वळणाची आणि एक सरळ. शेवटी म्हटलं, "तो आकडा मी भरला होता. चूक माझी आहे. तांबेंचा त्यात काही संबंध नाही."

मागून एकाने विचारलं, "म्हणजे एवढा करोडोंचा बोगदा, आणि तो एका मुलीने आकडा चुकवला म्हणून सरकला?"

"हो."

"वर कोण बघायला नव्हतं?"

"होते. त्यांनाही दिसलं नाही."

"आणि चुकून चुकून तो बरोबर तांब्याच्या पायवाटेवर जाऊन बसला?"

दोघं-तिघं हसले. मला पायवाटेचं समजावता आलं नाही. मी सुरुवात केली, पण मराठीत शब्द लवकर सापडेनात, आणि मी अडखळले की खोटं बोलतेय असं दिसत होतं.

अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बाय, हे जे बोललीस ते तुझ्या कंपनीच्या कागदावर लिहून देशील?"

"नाही देता येणार."

"का?"

"नोकरी जाईल."

"बघ," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "कागदावर मंजूर लिहिलंय, तोंडाने चूक म्हणतेस. आम्ही काय धरायचं? मी चाळीस वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. साहेबाने खाल्लेलं पाहिलंय, दाबलेलं पाहिलंय. साहेब चुकला आणि घरी येऊन बोलला, असं कधी झालं नाय. चहा घे, थंड होतोय."

मी चहा प्यायले. अण्णांनी पालखीची यादी पुढे वाचायला घेतली. कोणत्या घरी कधी, ते ठरत गेलं. मी कान देऊन ऐकत होते. तांबे हे नाव आलं नाही.

बाहेर आले तेव्हा तांबे तिथेच होते. खिडकी उघडी असल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं. जिन्यापर्यंत ते माझ्यासोबत आले.

"मॅडम, आता यापुढे काय करू नका," ते म्हणाले. "उद्या बोलतील, तांब्याने ऑफिसातली बाई पण फोडली."

शिमगा झाला. यंदाही पालखी त्यांच्या दारावरून गेली, हे मला त्यांनी नाही सांगितलं. नंतर एकदा ते हॉस्पिटलच्या गेटवर दिसले, तेव्हा मीच विचारलं. ते म्हणाले, आईला या वेळी आधीच मामाकडे नेऊन ठेवलं होतं.

गावासमोर रस्त्याच्या मधोमध आता लोखंडी बॅरियर आहे. शाळेची मुलं ते ओलांडून जातात. नव्या अंडरपाससाठी मंडळाने पुन्हा अर्ज केला. तो आमच्याच ऑफिसात आला आणि माझ्याकडेच आला. मी बरोबर चेनेज घालून पुढे पाठवला. सरकारी खात्याचं उत्तर आलं, सव्वा किलोमीटरवर एक अंडरपास अस्तित्वात असल्याने दुसरा देता येत नाही.

नव्या मुलांना ट्रेनिंग देताना मी सांगते की कोणताही आकडा भरायच्या आधी तो कुठून मोजलाय ते विचारा. ते वहीत लिहून घेतात. दुसरी गोष्ट मी सांगत नाही, कारण ती ट्रेनिंगमध्ये बसत नाही. चूक कबूल करायची असेल तर सहीशिक्क्याने करावी. बिनसहीची कबुली फुकट जाते, आणि तिचा भार ज्याच्यासाठी ती दिली त्याच्यावरच पडतो.