वशाचं टिटॅनियम आणि माझं बीड

लेथखाली बिडाचा भुगा साठतो ना, तसे आमच्या कारखान्यात किस्से साठायचे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण झाडू मारायला गेलं की हा ढीग!

कारखाना छोटासाच, भाट्याच्या रस्त्यावर. लाँचींच्या इंजिनांच्या पुल्या मी बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचो. म्हातारे मिस्त्री घरी बसणार होते आणि त्यांची जागा मलाच, हे मी धरून चाललो होतो. त्यात मुंबईची नोकरी सोडून वशा आला. गावात रंगीत टीव्ही नवा होता, पण लोक टीव्ही सोडून वशाच्या खिशातला टिटॅनियमच्या रॉडचा तुकडा बघायला यायचे! माझा नुसता जळफळाट.

*

मालक अण्णांनी एका हातात तो तुकडा घेतला, दुसऱ्या हातात तेवढाच बिडाचा. "अरे, ह्याचं वजन निम्म्याच्या जरासंच वर असेल!"

मी म्हटलं, "पोकळ असेल."

वशा हसला. "काप आणि बघ."

*

मग वशाने दोन्ही तुकडे ऐरणीवर ठेवून घण घातला. त्याच्या तुकड्यावर जेमतेम वळ उठला. माझ्याचे दोन तुकडे!

"बीड म्हणजे तुझ्यासारखं रे," वशा म्हणाला. "वाकणार नाय, फुटणार!"

सगळे हसले. अण्णा जास्तच हसले, ते मला लागलं.

*

एकदा तो तुकडा लेथवर लावला. उष्णता टूलच्या टोकालाच राहिली आणि टूल जळालं! मला आतून आनंदाच्या उकळ्या. "बघा अण्णा, माझं बीड कसं भराभर कापलं जातं!"

अण्णा म्हणाले, "मऊ असतं ते कापलं जातंच. ह्याची धमक बघ!"

म्हणजे त्याचा दोषसुद्धा गुणच!

*

घरी बायकोपाशी रडगाणं गायलो. ती बिडाचा तवा चुलीवरून उतरवत होती. "त्या टिटॅनियमचा तवा मिळतो काय ओ? हा उचलून मनगट गेलं माझं."

"अगं, त्यात उष्णता पसरत नाही, घावन मधोमध करपेल, कडेला कच्चं राहील!"

"राहू दे. हलका तरी असेल!"

त्या रात्री मी जेवलो नाही.

*

आणि मग खंडेनवमी. आमच्याकडे रीत अशी, की त्या दिवशी हत्यारांच्या पूजेत एक वस्तू मधल्या पाटावर ठेवायची आणि तिच्यावरच नारळ फोडायचा. नवा मिस्त्री कोण, हेही अण्णा तेव्हाच सांगणार होते. पाटावर वशाचं टिटॅनियम उभं! माझी पुली कोपऱ्यात, एका फुलावर बोळवण.

अण्णांनी नारळ आपटला. हलका तुकडा टुणकन उडाला आणि गडगडत लेथखाली गेला. नारळ शाबूत! पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नारळ अण्णांच्या बोटावरच बसला. ते ओरडले,

"नारळ फुटला पायजे रे, नायतर वर्ष वंगाळ जायचं!"

मी कोपऱ्यातली माझी जड पुली उचलून पाटावर ठेवली. ती जागची हलली नाही. एका फटक्यात नारळाची दोन शकलं! माझी छाती फुगली.

अण्णांनी खोबऱ्याची पहिली वाटी उचलली, वशाच्या हातात दिली. "घ्या, मिस्त्री!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू, पुलीवरचं पाणी पूस आधी. गंज धरेल!"