चाकावरची पांढरी रेघ

त्या गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या वाघिणीच्या एका चाकावर मला पांढरी रेघ दिसली. पाऊण इंच लांब, काडेपेटीतल्या काडीइतकी जाड. ॲक्सलवर सुरू होऊन, सांधा ओलांडून ती चाकावर गेली होती. बाकीची तीन चाकं पाहिली. तिन्हींवर तशीच रेघ, त्याच जागी. रंगाचा थेंब चार ठिकाणी एकाच मापाने पडत नाही. दुपारी एकला मी घराबाहेर पडलो तेव्हा चारही चाकं काळी होती.

मालगाडीच्या उघड्या डब्याला वाघीण म्हणतात. माझी सव्वाचार फूट लांब होती, चार चाकांची, पाच इंच अंतराच्या रुळांवर चालणारी. वर फळी टाकली की एक माणूस बसू शकेल अशी. तळमजल्यावरच्या आमच्या फ्लॅटला मागे जाळी लावलेली गॅलरी आहे, बारा फूट बाय पाच. निवृत्त झाल्यावर तिथे मी टेबल, धातू पकडायचा व्हाइस आणि कातकामाची एक लहान लेथ मांडली. वर्तमानपत्रात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या होत्या. स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं होतं.

वाघिणीला मुदत होती. खडकवासल्याच्या पुढे एका हौशी गृहस्थांनी आपल्या शेतावर गोल रूळमार्ग घातला आहे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तिथे मंडळी जमणार होती, आणि खराडीला राहणारी माझी सहा वर्षांची नात या वाघिणीत पहिली बसणार होती. तिने ते शाळेत जाहीरही केलं होतं.

मी थिनर घेतलं आणि चारही रेघा पुसून टाकल्या. मग बायकोला विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं?"

"कुठे?"

"इथे. आपल्या घरी."

"इथे कोण येणार?"

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर आलं की ती बातमी अर्धी पक्की समजायची, असं आम्ही नव्या मुलांना शिकवायचो. स्वयंपाकघरात धुतलेले दोन कप पालथे घातलेले होते. ती दुपारी एकच कप चहा घेते. माझ्या मेजावरच्या व्हाइटनरच्या बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

सोमवार आणि गुरुवार या दोन दुपारी मी पत्रकारितेच्या एका वर्गाला शिकवायला जातो. हे घराबाहेर माहीत असण्याचं कारण एकच, आमचा जिना. त्यावरून आमचं दार दिसतं, म्हणून तळमजल्यावरून कोण कधी गेलं हे वरच्यांना कळतं. वरच्यांपैकी माझा संशय एकाच माणसावर होता.

ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. रेल्वेत मालडबे तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. उंच, कृश, तपकीर ओढणारे. जिना उतरताना लोखंडी कठड्यावर बोटांची पेरं वाजवत येतात. गणपतीच्या वर्गणीसाठी आले तेव्हा गॅलरीत डोकावले, वाघिणीखाली वाकले आणि म्हणाले, "ब्रेक एकाच बाजूच्या चाकांना?"

"नकाशात तसंच आहे," मी म्हणालो.

"नकाशात बरंच असतं, संपादकसाहेब."

"संपादक नव्हतो. मुख्य उपसंपादक."

"तेच ते. डबा घसरला की दुसऱ्या दिवशी छापायचं, तपासनीसांचा हलगर्जीपणा. चौकशी व्हायच्या आत."

मी वर्गणी दिली आणि पावती मागितली. त्यानंतर गॅलरीचा दरवाजा लावून घेऊ लागलो. महिन्याभरात सोसायटीचं पत्र आलं: तळमजल्यावरून येणाऱ्या ठोकाठोकीबद्दल काही सभासदांच्या तक्रारी आहेत. नावं नव्हती. मला ती लागणार नव्हती.

सोमवारी परत आलो तर रेघा पुन्हा चारही चाकांवर होत्या. या वेळी पुसल्या नाहीत. पुरावा जागेवर राहू द्यायचा असतो. फोनवर प्रत्येक चाकाचा फोटो काढला. बायको दारातून बघत होती.

"कसले फोटो?"

"काही नाही. नोंद ठेवतोय."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. एरवी तिने आणखी दोन प्रश्न विचारले असते.

हेतू काय असावा याचा मी विचार केला. नुसता खोडसाळपणा म्हणावा तर रेघा फार नेटक्या होत्या. कामात खोट आहे अशी खूण करून सोसायटीला दाखवायची असेल, असं वाटलं. चाकं मी भवानी पेठेतल्या एका टर्नरकडून करून घेतली होती. त्याने हलका माल वापरला असावा आणि ते वरच्यांना कळलं असावं, असाही एक संशय आला. एका चाकाला आतल्या बाजूने कानस लावून पाहिली. माल चोख होता. टर्नरला मी संशयितांच्या यादीतून काढलं.

बुधवारी ब्रेकची चाचणी घेतली. इमारतीच्या बाजूच्या बोळात आठ फूट रूळ टाकले, वाघीण त्यावर ठेवली आणि तिच्यात रद्दीचे गठ्ठे भरले, नातीच्या वजनाच्या दुप्पट. ढकलायची, ब्रेक ओढायचा, थांबवायची. पंचवीस वेळा. दर वेळी ती जिथल्या तिथे थांबली. मी वहीत तशी नोंद केली.

गुरुवारी नेहमीप्रमाणे एकला निघालो, पण वर्गाला सुट्टी दिली होती. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर पेपर उघडून बसलो. तिथून आमचं फाटक दिसतं.

"काका, काही हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"नको."

"मग जरा कडेला बसा. लोकांना वाटतं तुम्हाला चक्कर आलीये."

तासाभरात फाटकातून एक कुरिअरवाला आत गेला आणि बाहेर आला. मग माझ्या लक्षात आलं की ज्याच्यावर पाळत ठेवायची तो माणूस त्याच इमारतीत राहतो. त्याला फाटकाचं काय काम? मी पेपर घडी केला आणि घरी गेलो. कुलपात किल्ली हळूच फिरवली.

गॅलरीत ते जमिनीवर पेपर पसरून बसले होते. वाघीण उलटी ठेवलेली होती. बायकोच्या हातात टॉर्च होता. दोघांपैकी कोणीही दचकलं नाही.

"या," ते म्हणाले. "बरं झालं. गेल्या गुरुवारच्या रेघा कोणी पुसल्या?"

"मी."

"का?"

"डाग होते."

ते बायकोकडे बघून म्हणाले, "वहिनी, डाग म्हणे."

"मी बोलावलं यांना," बायको म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं. त्याच्यावर पोरगी बसणार आहे. एका माणसाच्या सांगण्यावर छापायचं नाही, असं तुम्हीच म्हणत आलात ना?"

त्यांनी टॉर्च घेतला आणि एकेक चाक फिरवून दाखवलं. चाक आणि ॲक्सल एकमेकांत घट्ट असतील तर दोन्ही बरोबरच फिरतात आणि सांध्यावर मारलेली रेघ अखंड राहते. चाक ॲक्सलवर सरकलं की रेघ तुटते. डोळ्यांना एरवी काहीच कळत नाही. पहिलं चाक, दुसरं, तिसरं. रेघा अखंड होत्या. चौथ्या चाकावरची रेघ तुटलेली होती. ॲक्सलवरचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे, मध्ये काडीभर अंतर.

"हे चाक आज गोल सरकलंय," ते म्हणाले. "उद्या बाहेरच्या बाजूला सरकेल. वळणावर."

सोमवारचे फोटो माझ्याकडे होते. त्यांत चारही रेघा सलग होत्या. पण फोटो काढल्यानंतर चाकाला कोणी हात लावला नाही, हे काही फोटो सांगत नाही.

"ही रेघ तुम्ही आत्ताच तोडली नसेल कशावरून?" मी विचारलं.

बायकोने "अहो" एवढंच म्हटलं. ते मात्र रागावले नाहीत. त्यांनी व्हाइटनरची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"बरोबर आहे. स्वतः पुसा, स्वतः मारा. मी लांब उभा राहतो."

मी चौथं चाक पुसलं, नवी रेघ मारली, वाळू दिली. बोळात रूळ टाकले, वाघिणीत तीच रद्दी भरली. ते हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. ढकलली, ब्रेक ओढला. सहा वेळा. मग गठ्ठे उतरवून वाघीण आडवी केली. माझ्या हाताने मारलेली रेघ तुटली होती.

चाक ओढून काढायचा पुलर लावला, ते सहज निघालं. मी ती चाकं ॲक्सलवर धातूला धातू पकडून ठेवणाऱ्या द्रवाने बसवली होती. तो लावण्याआधी दोन्ही भाग तेल काढून स्वच्छ करावे लागतात. या चाकाच्या भोकात लेथवरचं तेल अजून चमकत होतं. मी वही उघडली. ॲक्सलची चार टोकं, चार ओळी. पहिल्या तिन्हींपुढे 'स्वच्छ केलं' आणि बरोबरची खूण. चौथ्या ओळीत फक्त चाकाचा क्रमांक. खूण नव्हती. त्या वेळी काय झालं, फोन आला की दारावरची बेल वाजली, मला आठवत नाही. वहीत तेही नाही.

वही त्यांनी पाहिली. मिटून परत दिली. "हलगर्जीपणा" हा शब्द ते वापरतील म्हणून मी थांबून राहिलो होतो. तो मी मनातच वापरला.

शुक्रवारी चारही चाकं काढली आणि त्यांच्यासमोर पुन्हा बसवली. द्रव पक्का व्हायला एक दिवस, मग चाचण्या. रविवारची खात्री देता येत नव्हती. मी मुलीला फोन करून सांगितलं. नात फोनवर आली.

"तुझी गाडी खोटी आहे का, आजोबा?"

"खरी आहे. तपासायची राहिली होती."

"मग आधी का नाही तपासली?"

ती त्या रविवारी दुसऱ्या कोणाच्या तरी डब्यात बसली आणि आमच्याशी फार बोलली नाही.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिसऱ्या मजल्यावरचे बरोबर होते. गाडीत मागच्या सीटवर तिरकी ठेवलेली वाघीण आणि ते, दोघेही अवघडून. तिथल्या एका जाणकारांनी काळ्या चाकांवरच्या पांढऱ्या रेघा पाहून सांगितलं की बाकी काम चांगलं आहे, तेवढ्या पुसून घ्या. मी नाही म्हणालो.

तक्रारीचं पत्र कोणाच्या सांगण्यावरून आलं, ते मला अजून माहीत नाही. त्या दिवशी वाटेत विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

नात बसली. तीन फेऱ्या झाल्या, वळणं झाली, तिने स्वतः ब्रेक ओढला. ती उतरून बायकोबरोबर चहाकडे धावली. आम्ही दोघांनी वाघीण आडवी केली आणि गुडघ्यांवर बसलो, एका ॲक्सलशी ते, दुसऱ्याशी मी.

"माझ्याकडच्या दोन्ही शाबूत," ते म्हणाले. "तुमच्याकडच्या?"

मी दोन्ही चाकं फिरवून दोनदा पाहिली.

"शाबूत."

"सरका," ते म्हणाले. मी सरकलो आणि ते माझ्या जागी बसले. मी त्यांच्या.