मेणाचा गुडघा

सिरील तुस्कानो वसईचा. तिथं बर्फ दोनच ठिकाणी पाहायला मिळायचा, मासळीच्या टोपलीत आणि लग्नाच्या सरबतात. त्यामुळे टोरांटोच्या एटोबिको भागात येऊन, विमानतळाच्या कार्गोत नोकरी लागून, कपाळ मागे सरकायला लागल्यावर हा माणूस स्की करायला शिकला, तेव्हा नातेवाइकांना नवलापेक्षा काळजीच जास्त वाटली. बायकोने, लुसीने, एकच अट घातली. एकटं जायचं नाही. पडलात तर उचलायला आपलं कोणीतरी पाहिजे.

हे ‘आपलं कोणीतरी’ त्याला पहिल्याच दिवशी भेटलं. शिकाऊ लोकांच्या उतारावर मागून एक जण येऊन त्याच्यावर आदळला आणि आदळता आदळता ‘आयला!’ म्हणाला. कॅनडात आदळणारा सॉरी म्हणतो, ज्याच्यावर आदळतो तोही म्हणतो. सिरीलने बर्फात पडल्या पडल्याच विचारलं, “कुठले तुम्ही?”

“डोंबिवली. आधी तुमच्याखालचा माझा पाय सोडा.”

तो शैलेंद्र. बँकेत कंप्युटरवर काहीतरी करायचा. त्यानंतर नऊ हिवाळे हे दोघे एकमेकांना उचलत होते.

ओंटारियोतल्या स्की-रिसॉर्टना डोंगर म्हणणं हा सौजन्याचा भाग आहे. सह्याद्रीत असते तर त्यांना कोणी नावही दिलं नसतं. पण सिरील ती निवडायचा ती अशी, की मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या बापानेही काही शिकावं. पाहणी उन्हाळ्यातच करायची, कारण बर्फाखाली सगळेच डोंगर देखणे दिसतात असं त्याचं मत. जुलैच्या उकाड्यात दोघे गवताळ उतारांवर उभे राहायचे आणि तिथले लोक त्यांना रस्ता चुकलेले समजून दिशा सांगायचे. सिरील पाहायचा ते वेगळंच. पार्किंगपासून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत स्कीच्या लोखंडासारख्या जड बुटांत किती चालावं लागेल? वॉशरूम जिन्याखाली तर नाही? आणि सर्वांत शेवटी, सर्वांत महत्त्वाचं, घरचा डबा खाऊ देतात का?

बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. देतात तिथे वर खिडकीशी पुटीन, म्हणजे चीज-ग्रेव्ही ओतलेले तळलेले बटाटे, विकत घेणारे बसतात आणि डबेवाल्यांना खाली लॉकरपाशी टेबलं असतात. सिरीलला खालीच बरं वाटायचं. लुसीच्या डब्यात फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, आणि तिखट-आंबट पोर्क इंद्याल असे. शैलेंद्रच्या घरी त्याची बायको गौरांगी अंडंसुद्धा शिजू देत नसे, त्यामुळे डोंगर कितीही बर्फाळ असला तरी या डब्याच्या आशेवर तो दुपारपर्यंत तग धरायचा. मात्र खाली यायला त्याला नेहमी उशीर, कारण फोन. सिरील समोरच्या खुर्चीवर आपली बॅग ठेवायचा. कोणी ‘इथे कोणी आहे का?’ विचारलं की तो ‘येस’ म्हणायचा, आणि थोड्या वेळाने ते ‘येस’ हातमोजे काढत येऊन बसायचं.

एप्रिल आला की दोघांच्या स्कीज सिरीलच्या बेसमेंटमध्ये जात. त्यांच्या तळाला इस्त्रीने जाड मेण लावून ठेवायचं आणि हिवाळ्याच्या तोंडावर ते खरवडायचं, म्हणजे उन्हाळाभर तळ सुकत नाही. मेण सिरील लावायचा. शैलेंद्र वॉशिंग मशीनवर बसून कंपनी द्यायचा. याच बैठकीत पुढच्या हिवाळ्याचा डोंगर ठरे आणि वसंतातल्या सवलतीची मुदत संपायच्या आत दोघांचे पास एकदम काढले जात.

यंदा एप्रिलमध्ये शैलेंद्र मशीनवर बसला नाही. उभाच राहिला.

“सिरील, या वेळी पास काढताना मला धरू नकोस.”

“का रे?”

“गुडघा. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा विसरा.”

“कुठला? डावा?”

शैलेंद्रने खाली पाहिलं. “उजवा,” तो म्हणाला.

इस्त्रीखाली मेणाचा धूर निघायला लागला होता. सिरीलने इस्त्री उचलली आणि त्याला वॉशिंग मशीनवर बसवलं.

सिरीलने स्वतःचाही पास काढला नाही. लुसीची अट होतीच, पण दुखणेकऱ्यासमोर बसून जेवावं तसं त्याला वाटलं. व्हँकुव्हरहून मेहुण्याचा, जस्टिनचा, फोन आला. “दाजी, इकडे या हिवाळ्यात. खरे डोंगर दाखवतो.” सिरील म्हणाला, “नको, आमचा शैलेंद्र आजारी आहे. एकटा पडेल.”

मग उन्हाळा सुरू झाला. स्की करणाऱ्याला उन्हाळा म्हणजे नेमकं काय, हे सिरीलकडे पाहून कळायचं. संध्याकाळच्या रोझरीला तो भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा बसायचा. मांड्या तयार राहतात, आणि प्रार्थनाही लवकर संपावीशी वाटते. ग्रोसरीला गेला की फ्रोझन मटारांच्या दारापाशी रेंगाळायचा. रात्री इंटरनेटवर रिसॉर्टचे कॅमेरे लावून गवत वाढताना पाहायचा. यंदा यात एक काम वाढलं, शैलेंद्रचा गुडघा.

महिन्यातून एकदा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, होणाऱ्या मराठी मिस्सेत विनंत्या वाचायचं काम सिरीलच्या मुलीकडे, निकोलकडे होतं. ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून वाचायची. “शैलेंद्र यांच्या उजव्या गुडघ्यासाठी,” ती वाचायची, आणि सगळं देऊळ एका सुरात म्हणायचं, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” शैलेंद्रला कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्या सिरीलला थांबवून चौकशी करायच्या. एकीने वसईहून आणलेलं तेल दिलं. ते शैलेंद्रने घेतलं. ‘बरं वाटतंय का?’ विचारलं की ‘हळूहळू’ म्हणायचा.

सिरील नवस बोलला. त्याच्या गावाकडे पाय दुखला तर वांद्र्याच्या माउलीला मेणाचा पाय वाहतात, हात दुखला तर हात. तिच्या जत्रेत असे अवयव दुकानात मांडलेले असतात, टोरांटोत मिळत नाहीत. तेव्हा सिरीलने स्कीचं उरलेलं मेण जुन्या पातेल्यात वितळवलं आणि स्वतःच्या गुडघ्याकडे पाहत पाहत एक गुडघा घडवला. मेण निळं होतं, त्यामुळे गुडघाही निळा झाला.

निकोल खाली आली. “डॅड, इज दॅट अ चिकन लेग?”

लुसी म्हणाली, “असू दे निळा. मार बसल्यासारखा दिसतो.”

मिडलंडजवळच्या टेकडीवर एक ख्रिस्ती तीर्थस्थळ आहे, बरे झालेले लोक तिथे कुबड्या सोडून जातात. हिवाळ्यात ते बंद होतं, म्हणून ऑक्टोबरात सिरील आणि लुसी निघाले. निळा गुडघा टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. वाटेत एका गावात स्कीचं दुकान लागलं. “दोन मिनिटं,” सिरील म्हणाला. त्याला शैलेंद्रसाठी गुडघ्याचा पट्टा घ्यायचा होता.

आत बाकावर शैलेंद्र बसला होता. पायांत कोरे बूट. विक्रेता त्याला सांगत होता, “नाऊ बेंड युअर नीज.” शैलेंद्र उभा राहून वाकला. उजवा गुडघा असा लोण्यासारखा वाकला की विक्रेत्याने ‘ब्युटिफुल’ म्हटलं. शेजारी गौरांगी आणि दोन्ही मुलं एकाच रंगाच्या नव्या जाकिटांत होती, छातीवर कसल्याशा क्लबचं चिन्ह.

“बराच उतार पडला की,” सिरील म्हणाला.

शैलेंद्र तसाच वाकलेला राहिला. “अरे सिरील! तू इकडे कुठे?”

“तुझ्याच गुडघ्याच्या कामाने.”

गौरांगीला मुलांची हेल्मेटं पाहायची एकदम आठवण झाली.

“तुला सांगणारच होतो,” शैलेंद्र म्हणाला. “गौरांगीच्या बॉसने शब्द टाकला. प्रायव्हेट क्लब आहे, सहज कोणाला घेत नाहीत. एप्रिलमध्ये कळलं.”

“मग एप्रिलमध्येच सांगायचंस.”

“तू म्हणाला असतास, मलाही घ्या.”

“नसतो म्हणालो.”

“तेच ना! तू काहीच म्हणाला नसतास, आणि मग मला वाईट वाटलं असतं.”

सिरीलने त्याच्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं. शैलेंद्रला ते सोसवेना. त्याने आवाज खाली आणला. “आणि खरं सांगू? तिथे डबा चालत नाही रे.”

लुसी कधी मागे येऊन उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या हातात वाटेत खायला घेतलेले फुगे होते.

“वहिनी, तसं नाही...”

“भावजी, गुडघा वाकतोय ना?” लुसी म्हणाली. “मग झालं. चला हो.”

गाडीत सिरीलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. “घरी जाऊ. कसला नवस नि कसलं काय.”

“मागितलं काय होतं आपण? गुडघा वाकू दे. वाकला. डोळ्यांनी बघितला.” लुसीने सीटबेल्ट ओढला. “तो खोटं बोलला, म्हणून आपण माउलीशी खोटं बोलायचं?”

तेव्हा गुडघा वाहिला गेला. तिथल्या कुबड्या जुन्या, लाकडी, हातांनी झिजलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये तो निळा गुडघा एखाद्या नव्या जावयासारखा अवघडून बसला.

पुढच्या मराठी मिस्सेआधी निकोलने विचारलं, “डॅड, शैलेंद्र अंकलला लिस्टमधून काढू? ही इज फाइन, राइट?”

“काढ.”

“सो थँक्सगिव्हिंगमध्ये टाकू?”

सिरीलने जरा विचार केला. “टाक. नाव नको. नुसतं ‘एक गुडघा’.”

त्या रविवारी देवळाने एका गुडघ्याबद्दल आभार मानले. तेलवाल्या म्हातारीने सिरीलचे दोन्ही हात धरले आणि ती रडली. “बघ बाबा, ऐकतो तो.” सिरील म्हणाला, “हो, ऐकतो.”

डिसेंबरात बर्फ पडला. सिरील भिंतीला पाठ लावून बसला होता. लुसी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

“जा एकटे,” ती म्हणाली. “सोबत होती तेव्हा तरी काय झालं?”

सिरीलने आपल्या स्कीजवरचं मेण खरवडलं. शैलेंद्रच्या जुन्या स्कीज शेजारीच होत्या. त्यांच्यावर उन्हाळा तसाच राहू दिला. सकाळी लुसीने दिलेला डबा हाताला नेहमीइतकाच जड लागला. ते तिच्याही लक्षात आलं असावं, पण तिने काही काढून घेतलं नाही.

दुपारी लॉकरपाशी गर्दी होती. सिरीलने डबा उघडला, बॅग समोरच्या खुर्चीवर ठेवली. एक वयस्कर गोरा गृहस्थ हातात सँडविच घेऊन टेबलाशी थांबला आणि त्याने विचारलं, इथे कोणी आहे का?

“येस,” सिरील म्हणाला.

गृहस्थ सॉरी म्हणून दुसऱ्या टेबलाकडे गेला. तिथून त्याला ही खुर्ची स्वच्छ दिसत होती. आता बॅग काढली तर आपण खोटं बोललो असं दिसलं असतं. म्हणून सिरील दोघांचा डबा एकट्याने संपेपर्यंत, मधून मधून जिन्याकडे पाहत, जेवत राहिला.